बोनेट उघडल्यावर

गाडी साधीच होती, सात-आठ वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक. तक्रारही रोजचीच : मिसिंग मारते, चढाला उचल खात नाही. कराडच्या अलीकडे, पुणे-बेंगळुरू हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून पत्र्याच्या शेडमध्ये हे गॅरेज आहे. मालक साठीच्या आसपासचे. सगळा रस्ता त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या हाताखालच्या पोरानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला आणि पडद्यावर कोड आला : पी-०३०१. म्हणजे एक नंबरचा सिलिंडर मिसफायर होतोय.

"अण्णा, कॉइल गेली. मागवू?"

अण्णांनी चहाच्या कपातून मानही वर केली नाही. "एकची कॉइल तीनला लाव, तीनची एकला. कोड पुसून गाडी चालू कर. मग बोल."

कॉइल खराब असती, तर दोष तिच्या मागोमाग तीन नंबरला गेला असता आणि कोड पी-०३०३ आला असता. तो आला नाही. पुन्हा पी-०३०१. मग दोन्ही स्पार्क प्लगांची अदलाबदल. तरी पी-०३०१. आता अण्णा उठले, टॉर्च घेतली आणि इनटेकच्या खाली, जिथं नजर पोचत नाही तिथं, नुसत्या बोटांनी वायरिंग चाचपत गेले. इंजेक्टरकडे जाणारी वायर उंदरानं कुरतडली होती. तांब्याच्या दोन केसांवर लोंबत होती. गाडी हादरली की संबंध तुटत होता. तुटका भाग कापून डाग दिला, वर स्लीव्ह चढवली, संपलं. नवी कॉइल बसवली असती तर गिऱ्हाइकाचे पैसे गेले असते आणि गाडी होती तशीच राहिली असती.

माझा भाचा हे सगळं दोन हात अंतरावरून बघत होता. दहावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. मला म्हणाला, "मामा, मशीनला एक नंबर कळला, मग उंदीर का नाही कळला?"

अण्णांनी ते ऐकलं. "म्हणून तर माझं पोट चालतंय," म्हणाले.

पोरगा गाड्यांचा वेडा आहे, ही तक्रार ताईची जुनीच. दहावीला ७१ टक्के पडले आणि त्यानं जाहीर केलं की मला ऑटोमोबाइलला जायचंय. यावर घरात जे झालं ते महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत दर जूनमध्ये होतं. दाजींचं म्हणणं : एवढे मार्क असताना आयटीआय कशाला? जायचंच तर डिप्लोमाला जा. ताईचं म्हणणं : आधी अकरावी सायन्स घे, पुढचं पुढं बघू. शेजारचे एक गुरुजी म्हणाले, आता इलेक्ट्रिक गाड्या येतायत, मेकॅनिकला विचारतो कोण. सगळ्यांनी शेवटी माझ्याकडे बोट दाखवलं. पुण्यात राहून छापील अंकांत लिहिणाऱ्या माणसाला सगळं माहीत असतं, असा गावाकडे एक गोड गैरसमज आहे. मला काहीच माहीत नव्हतं. म्हणून महिनाभर हिंडलो, कार्यशाळा पाहिल्या, अभ्यासक्रम काढून वाचले. त्यातून जे हाती लागलं ते हे.

दाजींच्या विरोधामागचं कारण मात्र मार्कांचं नव्हतं, हे मला फार उशिरा उमगलं. त्यांचे वडील एसटीत मेकॅनिक होते. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर ही पहिली एसटी धावली, त्यानंतरच्या पहिल्या दोन पिढ्यांत गावोगावच्या हुशार हातांच्या पोरांना एसटीच्या डेपोनं आणि दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेनं पोटाला लावलं, त्यांतले ते एक. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग बोलतंय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखंच ते. पण दाजींच्या आठवणीत कान नाही, हात आहेत. रोज संध्याकाळी रॉकेलनं, मग कपड्यांच्या साबणानं, मग विटकरीच्या तुकड्यानं घासलेले आणि तरी नखांच्या कडेला काळेच राहिलेले. पाहुण्यांसमोर ते हात धोतराखाली लपवत. आपल्या मुलाला त्यांनी हट्टानं बी. कॉम. केलं, पतसंस्थेत चिकटवलं. आता नातू उलटा निघाला होता.

आयटीआय म्हणजे मार्क नसलेल्यांची जागा, हा शिक्का १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली तेव्हा नव्हता. तो आपण पाडला. मोठ्या शहरांजवळच्या सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियन आणि फिटर या ट्रेडांना दहावीच्या गुणांवर झुंबड असते, मोटार मेकॅनिकही त्यांच्या मागोमागच. तिथं ७१ टक्के ही काही मिरवायची गोष्ट नाही. ही माहिती दाजींना दिली तेव्हा ते जरा गप्प झाले.

मोटार मेकॅनिक, कागदोपत्री मेकॅनिक मोटार व्हेइकल, हा दोन वर्षांचा ट्रेड. दहावी पास ही अट. नुसता डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा, ट्रॅक्टर मेकॅनिक एक वर्षाचा, दुचाकी-तीनचाकीचाही एक वर्षाचाच. २०२२ पासूनच्या अभ्यासक्रमात वर्षाला १२०० तास आहेत आणि त्यांतले ८४० तास प्रत्यक्ष कामाचे. शिवाय १५० तास बाहेरच्या कारखान्यात किंवा गॅरेजात. हे आकडे मी दाजींना कागदावर लिहून दिले, कारण आयटीआयत पोरं नुसती बोंबलत फिरतात, अशी त्यांची ठाम समजूत होती. काही ठिकाणी फिरतातही. त्यावर पुढे येतो.

गाडीवेड्या पोरांची पहिली निराशा कानशीपाशी होते. सुरुवातीचे काही आठवडे गाडीचं नाव नाही. बेंच व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरायचा आणि कानस मारून तो सपाट, काटकोनात आणायचा. मग आखणी, हॅक्सॉ, ड्रिल, आटे पाडणं. मग व्हर्निअर, त्याचं लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर. मग मायक्रोमीटर, ०.०१. मी एका कार्यशाळेत उभा होतो तेव्हा एका पोरानं तुकडा शिल्पनिदेशकांपुढे धरला. त्यांनी त्यावर गुण्या टेकवला आणि तुकडा खिडकीकडे धरला. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची एक बारीक रेघ आली. काही न बोलता त्यांनी तुकडा परत दिला. पोरगा तोंड पाडून पुन्हा व्हाइसकडे गेला. सिलिंडरचं बोअर किती झिजलंय, व्हॉल्व्हची फट किती ठेवायची, हे सगळं पुढे याच हातानं मापायचं असतं. उजेडाची ती रेघ ज्याला डाचत नाही, त्याला पुढची दोन वर्षं जड जातात. मला तरी प्रवेशपरीक्षा असलीच तर ती हीच वाटली.

कॉलेज निवडताना लोक इमारत बघतात. मी म्हणेन, फरशी बघा. एका ठिकाणी मला वर्कशॉपची फरशी इतकी स्वच्छ दिसली की तिथं वर्षानुवर्षं ऑइलचा थेंब पडला नसणार. लाल-निळे रंग दिलेली कापीव इंजिनं ओळीनं मांडलेली, संग्रहालयात असतात तशी. दाखवायला काढलेली गाडी कार्ब्युरेटरची. देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर नव्या गाड्यांतून केव्हाच गेला, आणि पोरं अजून त्याचा स्क्रू फिरवतायत. दुसऱ्या ठिकाणी शेड गळकी होती, पण चार गाड्या उघड्या पडल्या होत्या, स्कॅनर पोरांच्या हातात होता, कपाटात बंद नव्हता, आणि भिंतीवर पान्यांच्या आकृत्या काढून प्रत्येक पाना आपापल्या आकृतीवर टांगलेला होता. एक जागा रिकामी दिसताच निदेशकांनी विचारलं, "चौदा-पंधराचा कुणाकडे?" तिथं पोरगं शिकतं. ट्रेडला कायम शिल्पनिदेशक आहे की तासावरचा, हेही तोंडावर विचारावं. विचारायला आपल्याकडे लोक उगाच लाजतात.

डिप्लोमाची वाट वेगळी. दहावीनंतर तीन वर्षं, तंत्रशिक्षण मंडळाची परीक्षा, पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, रसायन, ड्रॉइंग. गाडीवेड्यांचे कपाळमोक्ष होतात ते इथल्या गणितात. ऑटोमोबाइल ही शाखा थोड्याच पॉलिटेक्निकांत आहे, पण मेकॅनिकल घेऊनही याच रस्त्याला येता येतं. डिप्लोमाचा खरा फायदा ज्ञानाइतकाच दारांचा आहे. आरटीओतला सहायक मोटार वाहन निरीक्षक व्हायचं, तर लोकसेवा आयोग तीन वर्षांचा ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल डिप्लोमा मागतो. तिथं आयटीआय चालत नाही, हात कितीही सोन्याचा असो. अपघातातल्या गाडीचं नुकसान ठरवणाऱ्या विमा सर्व्हेअरच्या परवान्यालाही अभियांत्रिकीचा डिप्लोमा किंवा पदवी लागते. पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं ते वेगळंच. उलट बाजूही सांगायला हवी. तीन वर्षांत एकदाही गिअरबॉक्स उतरवलेला नाही, असे डिप्लोमाधारक मला भेटले. त्यांना गिअर रेशो काढता येतो, पण क्लच घसरतोय की ब्रेक चिकटलाय हे गाडी चालवून सांगता येत नाही. आणि ज्याला पुस्तकाचा कंटाळा म्हणून गाड्यांकडे यायचंय त्यानं डिप्लोमाचं नावही काढू नये. मॅन्युअल तर आयटीआयवाल्यालाही वाचावं लागतं, तेही इंग्रजीत.

आपल्या लोकांना फारशी माहीत नसलेली गोष्ट ही की दोन वाटा मध्येच एकमेकींना मिळतात. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे आयटीआय दोन, डिप्लोमा दोन, एकूण चार वर्षं. सरळ डिप्लोमापेक्षा एकच वर्ष जास्त, आणि हातात कानस, पाना, स्कॅनर सगळं. पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं मेकॅट्रॉनिक्सचा एक पुढचा अभ्यासक्रमही चालत आलाय. तिथं डिप्लोमा-पदवी घेतलेली पोरं पुन्हा विद्यार्थी होऊन गाडीखाली शिरतात. ही वळणं दहावीच्या निकालाच्या दिवशी कुणी सांगत नाही. त्या दिवशी पेढे आणि टक्के.

आता पैशांचं. इथं गोड बोलून उपयोग नाही. आयटीआयनंतर वर्षभराची अप्रेंटिसशिप असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, २०१९ च्या सुधारित नियमांनी आयटीआयवाल्याला किमान ७००० रुपये महिना ठरला, डिप्लोमावाल्याला ८०००. पुण्यात खोली, मेस आणि बसचा पास यांतच ते संपतात, वर घरून मागवावे लागतात. शिवाय शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातला हमाल, असं मानणाऱ्या कार्यशाळा आहेत. एका पोरानं मला सांगितलं की वर्षातले सात महिने त्यानं गाड्या धुतल्या आणि पुढं-मागं लावल्या. नंतर हेल्पर, मग टेक्निशियन, मग सिनिअर. पहिली तीन-चार वर्षं पतसंस्थेतला कारकून पुढे असतो, हे दाजींचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्यानंतर मात्र फरक पडायला लागतो, आणि तो पडतो निदानामुळे. ऑइल बदलणारे ढीगभर असतात. तीन गॅरेजांनी सोडून दिलेली गाडी चालू करणारा तालुक्यात एखादाच, आणि त्याच्या शेडपुढे रांग लागलेली असते.

एक गल्लत मात्र गावाकडे सर्रास होते. 'पोरगं चाकणला लागलं' म्हणजे मेकॅनिक झालं, असं धरतात. पिंपरी, आकुर्डी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात गाड्या बनतात. टेल्कोनं साठच्या दशकात पिंपरीत पाय रोवले, तेव्हापासून सातारा-सांगलीची पोरं तिकडे जातायत. पण जुळणीच्या लाइनवरचं काम म्हणजे ठरलेल्या सेकंदांत ठरलेले चार नट टॉर्क गनने आवळणं, आठ तास. ते काम वाईट नाही. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरिअर-सफारीच्या जुळणीची अख्खी लाइन महिला चालवतात, आणि गाड्यांचं काम मुलींचं नव्हे म्हणणाऱ्यांना मी तेवढंच सांगून थांबतो. पण लाइनवर दोष शोधायची वेळ येत नाही. दोन वर्षं शिकलेलं तिथं गंजतं. कंत्राट संपलं की पोरगं गावी परत येतं, तेव्हा त्याला चार नट सोडून काही आठवत नसतं. कंपनी हवी की मोटार मेकॅनिकी हवी, हे आधी ठरवायला हवं.

गुरुजींचा इलेक्ट्रिकचा मुद्दा मी पार अण्णांपर्यंत नेला. ते म्हणाले, "बैलगाड्या जाताना लोहारालाबी हेच म्हनत हुते." पण माझं तेवढ्यानं समाधान झालं नाही. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही. म्हणजे गॅरेजचं रोजचं निम्मं काम गेलं. ब्रेकचं बरंचसं काम मोटरच करते म्हणून ब्रेक पॅडही जास्त टिकतात. उरलं काय? सस्पेन्शन, स्टिअरिंग, टायर, एसी, वायरिंग, कूलिंग, बॉडी. आणि नवं आलं ते बॅटरीचं व्होल्टेज. डीसी ६० व्होल्टच्या वर गेलं की ते जिवाला धोक्याचं धरतात, आणि मोटारीच्या बॅटरीत ते सहज तीनशेच्या पुढे असतं. म्हणून त्या वायरी भगव्या-नारिंगी असतात. सर्व्हिस प्लग काढल्यावरही मॅन्युअल सांगेल तितकी मिनिटं हात बांधून बसायचं, कारण कपॅसिटरमधली वीज तेवढा वेळ तशीच असते. मग हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालून मीटरनं शून्य दिसल्याची खात्री करायची, मगच हात घालायचा. अंदाजपंचे काम करणाऱ्याला इथं दुसरी संधी नाही.

आयटीआयत मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल हा स्वतंत्र दोन वर्षांचा ट्रेड आता आहे. तरी आज सोळा वर्षांच्या पोरानं, त्यातही तालुक्याच्या गावी राहणाऱ्यानं, मोटार मेकॅनिक घेऊन वीज मन लावून शिकावी असं माझं मत झालं. आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोल-डिझेल गाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक पुढची दहा-पंधरा वर्षं तरी दुरुस्तीला येतच राहणार आहेत. त्यातही बीएस-६ डिझेलनं जुन्या मिस्त्र्यांना पार गोंधळात टाकलंय. धुराच्या रंगावरून आजार ओळखायची त्यांची विद्या, काळा म्हणजे हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे पाणी शिरतंय, आता निम्मीच चालते, कारण काजळी फिल्टरमध्येच अडते. ट्रकवाले ज्याला सरळ युरिया म्हणतात त्या द्रवाची टाकी, त्याचे सेन्सर, सगळंच नवं. एका डॉक्टरांची डिझेल गाडी फिल्टरचा दिवा लागून गॅरेजात आली होती. त्यांचं फिरणं घर ते दवाखाना, दीड किलोमीटर. अण्णांनी तिला पाना लावला नाही. हायवेला काढली, पेठ नाक्यापर्यंत एका लयीत पळवून आणली. फिल्टर तापून काजळी जळाली, दिवा गेला. "बिल काय लावू? फिरवून आणल्याचं?" मला विचारत होते.

त्या महिन्यात भाच्यालाही मी फुकट सोडला नाही. अण्णांकडे पंधरा दिवस बसवला. पगार नाही, जड काम नाही, गाडीखाली शिरायचं नाही, एवढ्या अटी ताईनं घातल्या. पोरांना 'छोटू' म्हणून राबवणारी गॅरेजं तिनंही पाहिली आहेत. पहिले आठ दिवस त्यानं पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल घेऊन ब्रशनं नटबोल्ट आणि पार्ट धुतले, एवढंच. पाचव्या दिवशी बोटांना पुरळ आलं. सातव्या दिवशी एक वॉशर हरवला म्हणून सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली आणि घरी येऊन जेवला नाही. दाजी खूश होते, उतरलं खूळ म्हणून. नवव्या दिवशी सकाळी साडेआठला तो पुन्हा सायकल काढून गेला.

शेवटी अर्ज मोबाइलवर भरला, घरातच, सगळे भोवती बसून. पर्यायांच्या यादीत पहिलं मोटार मेकॅनिक, दुसरं इलेक्ट्रिशियन, तिसरं डिझेल मेकॅनिक. पुढे डिप्लोमाला जाणार का, हे आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी ठरवायचं, यावर दाजींनी तह केला. प्रवेशाच्या दिवशी कागदपत्रांची फाइल घेऊन तेच गेले. परत आल्यावर कपाटाच्या वरच्या फळीवरून कापडात गुंडाळलेला एक लांब स्क्रूड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. मूठ लाकडी, कानाच्या बाजूला गुळगुळीत झालेली. "आबांचा आहे," एवढंच म्हणाले.

वर्ग सुरू होऊन आता दोन महिने झालेत. भाच्यानं अजून एकही गाडी उघडलेली नाही. परवा फोनवर म्हणाला, कानस मारून हात भरून येतात, आणि गुण्याखालून अजून उजेड दिसतोय.